वेळापत्रकातली माणसे

आमच्या जबलपुरातल्या काही मराठी मंडळींनी येत्या ऑगस्टात पूर्व आफ्रिकेच्या सफारीस जाण्याचा बेत केला आहे. चौदा माणसे, आठ दिवस, टांझानिया व केनिया. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून असल्यामुळे कार्यक्रमाची टिपणी तयार करण्याचे काम ओघानेच मजकडे आले. रजा-प्रवास-सवलत परदेशासाठी मिळत नाही, सबब सारा खर्च पदरचा. सेवेत असलेल्यांनी कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी, नाहीतर परत येताना विलगीकरणात अडकून पडावे लागेल. इथपर्यंत कोणाचाच मतभेद झाला नाही. मतभेद झाला तो प्रवासी कंपनीने पाठविलेल्या वेळापत्रकातील एका ओळीवरून : ‘दिवस सहावा, दुपारी तीन ते चार : मसाई गावास भेट, नृत्य, झोपडीदर्शन, छायाचित्रण.’ या ओळीच्या वर सिंह होते आणि खाली पाणघोडे.

ही ओळ खोडावी असे मी सुचविले आणि तत्क्षणी माझी गणना विघ्नसंतोषी माणसांत झाली. ‘चार पैसे त्या गरिबांना मिळत असतील तर तुमच्या पोटात का दुखते?’ असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. बैठकीत मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. ते येथे देतो. कारण आपल्यापैकी जे बाहेरगावी नोकरीत आहेत, ते पुंजी साठवून आयुष्यातून एकदा अशी सहल करतात, आणि प्रत्येकाच्या वेळापत्रकात ही ओळ असणारच आहे.

पहिली गोष्ट अशी की, जे ‘निर्मनुष्य रान’ पाहण्यास आपण जातो ते मुळात निर्मनुष्य नव्हते. सेरेंगेटी हे नावच मसाई भाषेतून आलेले. तेथे १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. बर्नहार्ड ग्झिमेक या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने त्याचा कैवार जगभर घेतला. उद्यानात माणसाने, मग तो तेथलाच का असेना, राहू नये असे त्याचे मत होते, आणि त्याच्या सेरेंगेटीवरील चित्रपटास १९६० मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. तोपर्यंत मसाईंना सेरेंगेटी सोडावी लागली होती. त्या बदल्यात १९५९ मध्ये न्गोरोन्गोरो संरक्षित क्षेत्र निर्माण करून तेथे गुरांसह राहण्याचा हक्क त्यांना देण्यात आला. १९७४ मध्ये तेथील ज्वालामुखीच्या विवरातील त्यांची वस्ती उठविण्यात आली. १९७५ मध्ये क्षेत्रात शेती करण्यास बंदी झाली. २०२२ पासून त्यांनी शेकडो किलोमीटर दूरच्या म्सोमेरा गावी जावे म्हणून सरकारचा प्रयत्न सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये, शेजारच्या लोलिओंडो भागात सुमारे १,५०० चौरस किलोमीटर भूमीच्या सीमा आखण्यावरून पोलीस व मसाई यांच्यात चकमक उडाली; एक पोलीस मृत्यू पावला, मसाई जखमी झाले, आणि कित्येक कुटुंबांनी सरहद्द ओलांडून केनियाचा आसरा घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मसाई न्गोरोन्गोरोच्या रस्त्यावर निषेधासाठी उभे राहिले. ज्या रस्त्याने पर्यटकांच्या मोटारी जातात, तोच हा रस्ता.

आता वेळापत्रकातील ती ओळ पुन्हा वाचावी. ज्यांना रानातून काढले, त्यांनाच रानाच्या कडेला एक तास नाचावयास लावून आपण त्याला ‘संस्कृतीचा परिचय’ म्हणतो. तो उंच उड्यांचा नाच मसाई तरुणांच्या संस्कारविधींशी निगडित आहे. त्याला स्वतःची वेळ आहे, प्रसंग आहे, आप्तस्वकीय आहेत. आपल्याकडे मंगळागौरीचे खेळ रोज दुपारी तीन वाजता, मोटार दारात थांबली की, मुलींना खेळावयास सांगितले तर आपल्याला काय वाटेल? आणि परक्याने शेणाने सारवलेल्या आपल्या आजीच्या घरात डोके घालून ‘किती अंधार!’ असे उद्गार काढले तर?

‘आपण काय गोरे साहेब आहोत?’ हा दुसरा आक्षेप. नाही, परंतु या इतिहासात आपण अगदीच कोरेही नाही. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जो लोहमार्ग घातला, त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. त्यांतले सुमारे २,५०० मेले. त्यांची हाडे तेथे आहेत, त्यांचा अभिमान व शोक दोन्ही आपण बाळगावा. पण हा मार्ग मसाईंच्या कुरणांतून गेला, आणि त्याच्या दुतर्फा गोऱ्या वसाहतवाल्यांना जमीन हवी म्हणून १९०४ च्या कराराने मसाईंना तेथून हलविण्यात आले. करारातले वचन मसाईंचा वंश असेतोवर टिकावयाचे होते. ते सात वर्षे टिकले. १९११ मध्ये दुसरा करार करून त्यांना लायकिपियातूनही काढले. ज्या साहेबाने आपल्याला मजूर म्हणून नेले, त्याच्याच खुर्चीत बसून आज आपण मसाईंकडे पाहावे, ही काही स्वातंत्र्याची शोभा नव्हे.

‘चार पैशां’विषयी आता बोलतो. पैसे मिळतात, हे मी नाकारीत नाही. पण ते बहुधा चालकाच्या हातून जातात. त्यांतले कोणाकडे किती जातात, हे पैसे देणाऱ्याला कळत नाही व कळावे अशी व्यवस्थाही नसते. कचेरीत दहा रुपयांच्या खर्चालाही आपण पावती मागतो. सहा हजार किलोमीटरांवर माणसांच्या नावाने दिलेल्या पैशाची पावती मागण्याचा मात्र आपल्याला संकोच वाटतो!

हे सारे लिहिणारा मी धुतल्या तांदळासारखा नाही. तीन वर्षांपूर्वी कान्ह्याजवळच्या एका विश्रामस्थळी, रात्रीच्या जेवणानंतर, बैगांचा नाच आम्ही पाहिला. मी टाळ्या वाजविल्या. नाच संपल्यावर त्यांतल्या एका वृद्धाला मी सहज विचारले, ‘बाबा, गाँव कहाँ है?’ सकाळी आम्हांला वाघ दिसला होता त्या दिशेने त्याने अंधारात हात केला आणि म्हणाला, ‘था.’ गेल्या अर्धशतकात कान्ह्यातून बैगांची व गोंडांची गावे उठली, हे मला पुस्तकी ठाऊक होते. त्या एका अक्षराने ते मला प्रथमच समजले. मसाईंच्या गावी मला तोच प्रश्न विचारावा लागेल आणि तेच उत्तर मिळेल, म्हणून ती ओळ मला डाचते.

‘मग जाऊच नये की काय?’ अवश्य जावे. मी स्वतः वर्गणीचा पहिला हप्ता भरला आहे व तो परत मागणार नाही. मसाईंना भेटूच नये, असेही माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की, त्यांना एका तासाच्या कलमात कोंबण्याऐवजी सहलीच्या पायाशी ठेवावे. केनियात मसाई मारा राखीव क्षेत्राच्या सीमेला लागून नाबोइशो, ओलारे मोतोरोगी यांसारखी संवर्धन-क्षेत्रे आहेत. तेथील जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. नाबोइशोत अशी पाचशेहून अधिक कुटुंबे आहेत. तंबूवाल्या कंपन्या त्यांना जमिनीचे भाडे देतात, तंबूंच्या संख्येवर मर्यादा असते, आणि सिंह त्याच गवतात फिरतात. तेथे आपण प्रेक्षक नसून भाडेकरूचे पाहुणे असतो. मालक कोण, हा प्रश्न शिल्लक राहत नाही. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. चराईवर निर्बंध येतात, त्यावरून तंटे होतात. २०२० मध्ये साथीमुळे पर्यटक आटले तेव्हा कित्येक ठिकाणी भाडेही घटले. तरीही भाडे आणि भीक यांतला भेद, सरकारी निवासस्थानाची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी कळावयास हवा.

खर्च वाढेल, हे खरे. माझी सूचना अशी की, आठ दिवसांचे सहा करावे आणि एक अभयारण्य वगळावे. कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारावे : आपण उतरणार ती जमीन कोणाची? भाडे कोणाला व कसे पोचते? वाटाड्यांत स्थानिक मसाई किती? उत्तर लेखी न आल्यास कंपनी बदलावी. आणि मसाई वाटाड्या आपल्याबरोबर दिवसभर असेल, तर गुरे, पाऊस, मुलांची शाळा, जमिनीचे कागद यांवर त्याच्याशी बोलावे. त्याने आपण होऊन घरी बोलाविले तर जावे. न बोलाविले तर त्याचे घर त्याचेच राहू द्यावे.

येत्या रविवारी बैठक आहे. सहाव्या दिवसाची ती ओळ मी टिपणीतून गाळली असून तिच्या जागी हे तीन प्रश्न लिहिले आहेत. मत घेतले जाईल आणि कदाचित मी हरेन. हरलो तर चौदांपैकी तेरा जण त्या दुपारी गावात जातील. चौदावा मोटारीत बसून राहील. वाचकांपैकी ज्यांची टिपणी अजून तयार व्हावयाची आहे, त्यांनी मात्र ती ओळ आत येण्यापूर्वीच लेखणी उचलावी.