दार बंदच मिळालं पाहिजे

२७ जून २०१७ ला उरणच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल अचानक आंधळं झालं. गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवायची. त्या दिवशी युक्रेनमध्ये हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नोटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम सुटला, मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात पसरला, आणि द्रोणागिरी उपनगराच्या शेजारच्या या टर्मिनलमध्ये कोणता कंटेनर कुठे आहे हे सांगणारी यंत्रणा बंद पडली. माल तुंबू लागला, गाड्या उभ्या करायला जागा शोधावी लागली. मर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

मर्स्ककडे फायरवॉल, म्हणजे जाळ्याच्या दारावरचा पहारा, नव्हती असं नाही. पण हा शत्रू बाहेरून भिंत फोडून आलाच नाही, विश्वासाच्या दाराने आत आला. आत गेल्यावर एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत जायला त्याला कुणी अडवलं नाही. त्याच जेएनपीटीतली इतर कंपन्यांची टर्मिनलं मात्र चालू होती, कारण त्यांची जाळी वेगळी होती. घरातल्या इंटरनेटसाठी या घटनेतून घ्यायचं ते एवढंच: बाहेरचं दार बंद हवं, आणि आतल्या खोल्याही वेगळ्या हव्यात.

जेएनपीटी बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, मॉरिस नावाच्या ‘वर्म’ने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, तेव्हाच्या चिमुकल्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं बेजार केली होती. आतलं जाळं आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये पहारा हवा, हे संस्थांना पटू लागलं ते त्या सुमाराला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं. तेव्हा फोन लावून, तास मोजून जोडणी व्हायची. घरचा संगणक जेमतेम थोडा वेळ रस्त्यावर असायचा, म्हणून पहाऱ्याचा विचार कुणी केला नाही.

मग कायम चालू राहणारी जोडणी आली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण कारखान्यातून ती बंदच यायची. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ या वर्मने जगभरचे संगणक आपोआप बंद-चालू करायला सुरुवात केली. वर्षभरात, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये तीच फायरवॉल पहिल्यापासून चालू ठेवली. वापरणारा एका रात्रीत हुशार झाला नव्हता. बनवणाऱ्याने बटण फिरवलं, बस्स. घरच्या संगणकाच्या सुरक्षेच्या इतिहासातला हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि राउटर व कॅमेरे विकणाऱ्यांनी तो अजून पुरता गिरवलेला नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेल्या, कुणी न बदललेल्या पासवर्डच्या जोरावर.

आता पुन्हा उरणकडे येऊ. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणची लोकल यांचं उद्घाटन एकाच दिवशी झालं. द्रोणागिरीत नवे टॉवर उभे राहतायत, घरोघरी फायबर येतंय. केबलवाला पांढरी डबी भिंतीला लावतो, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि निघून जातो. डबीच्या पोटाखालचं स्टिकर कुणी वाचत नाही. त्यावर राउटरच्या सेटिंगचा पत्ता असतो, आणि पुष्कळदा नाव ‘अॅडमिन’, पासवर्डही ‘अॅडमिन’.

अशा घराला वेगळं महागडं फायरवॉल-यंत्र विकण्याचा प्रयत्न होतो. बहुतेक घरांना त्याची गरज नाही. त्या डबीतली फायरवॉल पुरते, ती चालू मात्र हवी. बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद करावी, उपकरणांना परस्पर वाट उघडून देणारं ‘यूपीएनपी’ही बंद करावं. पासवर्ड बदलावा, अपडेट आपोआप होऊ द्यावेत. टीव्ही, कॅमेरा, दारावरची बेल यांना ‘गेस्ट’ वायफायवर टाकावं, म्हणजे बँकेचे व्यवहार होतात तो फोन त्यांच्या पंगतीला बसत नाही. एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होतं. आयपीव्ही६ या इंटरनेट-पत्त्यांच्या नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो. सगळं घर एका पत्त्यामागे लपण्याचा जुना आडोसा तिथे नसतो, म्हणून आयपीव्ही६ची फायरवॉल चालू आहे का, हे वेगळं तपासावं.

पण हे सगळं आजी-आजोबांनी, दिवसभर लोकलने जा-ये करणाऱ्यांनी करावं, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. द्रोणागिरीच्या डोंगरावरचा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. पायथ्याच्या कोळी-आगरी घरांनी आपापले बुरूज बांधावेत, असं तेव्हाही कुणी म्हटलं नसेल. पहारा हे सत्तेचं काम होतं.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकायला कायद्याने बंदी घातली. भारताने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची केली. घरगुती राउटरलाही तितकाच कडक नियम हवा: प्रत्येक डबीला वेगळा पासवर्ड, नेहमीची आणि आयपीव्ही६ची अशा दोन्ही फायरवॉल पहिल्यापासून चालू, बाहेरची वाट बंद, आणि अपडेट किती वर्षं मिळतील ते खोक्यावर मराठीत छापलेलं. नियम होईपर्यंत सोसायट्यांनी आपल्या इमारतीत जोडणी देणाऱ्याशी करार करतानाच या चार अटी लेखी घालाव्यात. पन्नास-शंभर घरांचं एकगठ्ठा गिऱ्हाईक अट घालतं, तेव्हा कंपनीला ती ऐकावी लागते.