घराला मोठा माणूस कशाला लागतो?

मंडळी, आज जरा भांडायलाच बसले आहे. कुणा एकाशी नाही, आपल्या सगळ्यांच्या एका सवयीशी. जुनं घर दिसलं की आपला पहिला प्रश्न असतो, "इथे कोण राहत होतं?" मोठं नाव निघालं तर पाटी लागते, नाही निघालं तर कुदळ!

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ, सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात, झाडांच्या सावलीत एक छोटंसं हिरवं घर आहे. लाकडी, उतरत्या छपराचं. 'डीनचा बंगला' म्हणतात त्याला. रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी इथे झाला, असं तिथली पाटी सांगते. वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची कोरीव शिल्पं त्यांचीच.

त्या पाटीवरून दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, नोबेल मिळवणारा लेखक इथे जन्मला, म्हणून घर जपा. दुसरा म्हणतो, तो साम्राज्याचा भाट, जालियनवाला बागेनंतर डायरसाठी जमवलेल्या निधीला त्याने पैसे दिले, मग त्याचं कौतुक आपण का करायचं? किपलिंगबद्दलचा हा राग मला पटतो. पण त्यात घराचा काय दोष?

आणि गंमत पाहा. अनेक जाणकारांच्या मते आजचं घर १८८२ च्या सुमाराचं आहे, जन्माचं घर केव्हाच गेलं. लहानग्या रुडयार्डला १८७१ मध्येच इंग्लंडला पाठवलं होतं आणि वडील १८७५ मध्ये लाहोरला गेले. म्हणजे दोन्ही पक्ष भांडतात ते बहुधा त्याने बाळपणी पाहिलंच नाही अशा घरावरून!

मग पाटी काढली तर उरतं काय? माझ्या मते, खरी किंमत तीच उरते. शेजारी कलाशाळेची १८७८ ची दगडी इमारत आहे. थोडं पुढे गेलं की बोरीबंदरचं भव्य स्टेशन, २००४ पासून जागतिक वारसा. राज्यकर्त्यांना स्वतःला कसं मिरवायचं होतं, ते या दगडी इमारती सांगतात. मुंबईचा उन्हाळा आणि जून-जुलैचा पाऊस माणसं कशी काढत होती, ते लहान लाकडी घर सांगतं. पाणी साचू न देणारं उतरतं छप्पर, भिंतींना ऊन-पावसापासून राखणारा व्हरांडा. 'बंगला' ही कल्पनाही साहेबाने बंगालमधल्या साध्या घरावरून उचललेली. राहणारा साहेब असेल, पण रंधा चालवणारे हात इथलेच होते. ते घर पाडून आपण कुणावर सूड उगवणार? आपल्याच सुतारांवर ना?

"जपायला पैसा लागतो," असं कुणी म्हणेल. लागतोच. पण कौलं दरवर्षी चाळली तर थोडा लागतो, वीस वर्षं गळती बघत बसलं तर फार लागतो. आणि घर बंद ठेवून जपलं जात नाही, त्यात वावर हवा. कलाशाळेच्या आवारात तर मुलांनी त्याचे खांब आणि सांधे चितारत बसावं, याहून चांगला उपयोग कुठला? मुंबईने १९९५ मध्ये वारसा-इमारतींची नियमावली केली. तिच्यातही इमारत कुणाची एवढंच बघत नाहीत, ती बांधली कशी हेही बघतात. आपणच ते विसरतो.

आता नातेवाईक मंडळींना दोन शब्द. गावचं घर विकायचा विषय दिवाळीत निघणार आहे. "आपल्याकडे कोण एवढं थोर होऊन गेलं?" हे वाक्य मला फोनवर तीनदा ऐकवलं गेलं. कुणीच नाही झालं, मान्य. पण विकायचंच असेल तर आधी त्या तुळया, तो माजघराचा गारवा, ती पडवी नीट पाहून या. मग बोलू.

असो. पटलं नसेल तर खुशाल भांडा, मी तयार आहे.