घड्याळाची किंमत आणि वेळेचे मोल

वापरलेली वस्तू नव्याहून स्वस्त मिळावी, हा बाजारातील सर्वपरिचित व्यवहार. जुनी सायकल किंवा शिलाई यंत्र घेणारा श्रमिक याच हिशेबाने चालतो. परंतु पोलाद व सोने अशा दोन धातूंचे, कोणीतरी वापरलेले रोलेक्स जीएमटी-मास्टर घड्याळ विक्रीस निघते, तेव्हा त्याचे काही नमुने नव्याच्या ठरीव किमतीहूनही महाग विकले जातात. असे का घडावे?

वास्तविक या घड्याळाचा जन्म कामासाठी झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यास पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी ते तयार झाले. चोवीस तासांत एकच फेरा पुरा करणाऱ्या जादा काट्यामुळे ग्रीनिचची व मुक्कामाची वेळ एकत्र कळे. भारतीय वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे येथील प्रवाशाला अर्ध्या तासाचा हिशेब मनातच करावा लागतो.

१९६९ साली क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आले. आज अल्प किमतीचे क्वार्ट्झ घड्याळही या यंत्राहून अचूक चालते. पॅन अमेरिकन १९९१ मध्ये बंद पडली. गरज ओसरली, भाव मात्र चढले. कारण धनिक ग्राहक येथे वेळ नव्हे, दुर्मीळता विकत घेतो. नव्या मालाच्या टंचाईवर जुन्याचा सट्टा पोसला जातो. २०२२ च्या पूर्वार्धात हे भाव शिखरास पोचले आणि मग घसरले. घड्याळे तीच होती. त्यांतील एक चाकही बदलले नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुद्द कंपनीनेच वापरलेली घड्याळे प्रमाणित करून विकण्याची योजना सुरू केली.

‘भांडवल’च्या पहिल्या खंडात श्रमविभागणी विशद करताना मार्क्सने घड्याळाचेच उदाहरण घेतले आहे. एकेक सुटा भाग घडवणाऱ्या अनेक कारागिरांच्या श्रमांतून घड्याळ साकार होते. विक्रीच्या जाहिरातीत मूळ पेटी व कागदपत्रांचा उल्लेख आवर्जून असतो; या हातांचा नसतो.

आपल्या देशात सार्वजनिक क्षेत्रातील एचएमटीने १९६१ पासून सामान्य माणसाच्या मनगटावर घड्याळ पोचवले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी तोट्याचे कारण देऊन बंद करण्याचा निर्णय घेतला.

उत्तम यंत्र पिढ्यान्पिढ्या टिकावे, यात मानवी कौशल्याचा गौरवच आहे. आमचा आक्षेप त्या यंत्राला नाही. वेळ दाखवण्यासाठी घडवलेली वस्तू भाव वाढण्याची वाट पाहत तिजोरीत पडून राहते आणि वेळेवर पाळी गाठणाऱ्यांसाठी घड्याळे करणारा कारखाना मात्र तोट्याचा ठरतो, या व्यवस्थेला आमचा आक्षेप आहे.