पथ्य एकट्याचे नसावे

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उठली की सोलापूरची थंडी काढता पाय घेते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा, अशी हवा होते. जुळे सोलापुरात आसरा चौकापासून विजापूर रस्त्यापर्यंत कलिंगडांचे ढीग लागतात आणि रसवंतीचे घुंगरू वाजू लागतात. पंचांगाच्या हिशेबाने माघ सरून फाल्गुन लागतो. घरोघरच्या हिशेबाने मात्र हे दिवस एकत्र बसून खाण्याचे आणि एकत्र उपाशी राहण्याचे असतात.

२०२५ सालचे उदाहरण घ्या. महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, पहिला रोजा २ मार्चला, होळी १३ मार्चला, पाडवा ३० मार्चला आणि रमजान ईद ३१ मार्चला. जेमतेम पाच आठवड्यांत एक दिवसाचा उपवास, महिनाभराचे रोजे, आणि त्यांच्या जोडीला पुरणपोळी, श्रीखंड व शिरखुर्मा. या जुळणीमागे खगोलाचे गणित आहे. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपले पंचांगही महिने चंद्राचेच मोजते, पण अधिक महिना घालून ऋतूशी मेळ राखते. त्यामुळे होळी उन्हाच्या तोंडावरच येते आणि रमजान सगळे ऋतू फिरून येतो. २०३० साली तर तो वर्षाच्या सुरुवातीला एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी असलेल्या या शहरात सध्या फाल्गुन आणि रमजान एकमेकांच्या आसपास आहेत. ताटे इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे येतात.

या आनंदाच्या पंगतीत एक माणूस मात्र जरा अवघडून बसलेला असतो. त्याला मधुमेह असतो, नाहीतर रक्तदाब, नाहीतर दोन्ही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी साधारण ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे दहा-बारा जणांच्या पंगतीत असा एकतरी असणारच. प्रश्न आहे तो त्याच्याशी बाकीचे कसे वागतात, याचा.

आपल्याकडे याची दोन रूपे दिसतात. पहिले आग्रहाचे. ‘घ्या की हो, एकानं काय हुतंय?’ असे म्हणत ताटात दुसरी पोळी पडते. नको म्हटले तर यजमानाचे मन मोडते. दुसरे रूप काळजीचे. ‘त्यांना देऊ नका, शुगर आहे त्यांना,’ असे चारचौघांत सांगितले जाते आणि माणूस लहान मुलासारखा गप्प बसतो. दोन्हींचा परिणाम एकच. तो लपवू लागतो. कुणाच्या घरी आजार लपवतो, स्वतःच्या घरी खाणे लपवतो, आणि डॉक्टरांपासून दोन्ही लपवतो. पथ्य सांगणारे पुष्कळ असतात, पण ते पाळायला सोबत कुणी नसते. सणाच्या दिवसांत पथ्य मोडते, त्याला जिभेइतकेच हे एकटेपणही कारण असते.

मित्रांपासून सुरुवात करू. हुरड्याचा हंगाम आता शेवटाला आला आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोळच्या केंद्रात निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ हे वाण तर रब्बी ज्वारीची ओळखच झाले आहे. हुरड्यासाठी मात्र गोडसर, सहज सुटणारे दाणे असलेली सुरती, गुळभेंडी यांसारखी वाणे लावतात. दाणा हुरड्यात येतो तेव्हा त्यातल्या साखरेचे पुरते पिष्ट झालेले नसते. म्हणून तो गोड आणि लुसलुशीत लागतो. पुढे कणीस वाळते तसे तेच दाणे टणक होतात आणि भाकरीच्या कामाला येतात. हुरड्यात तंतू भरपूर असतात. मूठ-दोन मुठी हुरडा मधुमेही माणसानेही चवीने खावा. घोटाळा होतो तो त्याच्यासोबतच्या गूळ, रेवड्या आणि गोडी शेवेने. रक्तदाबवाल्याचा घोटाळा चटणीतल्या मिठाने होतो. आगटीभोवती बसलेल्या मित्रांनी ताटात दही आणि कमी मिठाची शेंगाचटणी आधी मांडली आणि रेवड्या थोड्या लांब ठेवल्या, तर कुणाला काही सांगावे लागत नाही आणि कुणाला काही नाकारावेही लागत नाही.

श्रद्धेचा प्रश्न याहून नाजूक आहे. महाशिवरात्रीला पोट रिकामे राहते असे आपण म्हणतो, पण अनेक घरांत त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच खाल्ले जाते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नावालाच असतात, त्यामुळे रक्तातली साखर झपाट्याने चढते. शेंगदाण्याचे कूट आणि दही घातल्याने हा वेग थोडा मंदावतो. वाटी लहान केली तर आणखी फरक पडतो. बटाटा, रताळे, केळी आणि खजूर एकाच दिवशी ताटात आले तर तो उपवास मधुमेह्याच्या पथ्यात बसत नाही. भगर त्या मानाने बरी, पण ती जुनी किंवा ओल लागलेली असेल तर तिच्यावर बुरशी वाढते, आणि बुरशीच्या विषाने माणसे आजारी पडल्याच्या बातम्या उपवासाच्या काळात येत असतात. सुटे पीठ न घेता पाकीटबंद भगर घ्यावी, निवडून, धुऊन घरी शिजवावी आणि शिळी ठेवू नये.

रोजा वेगळा असतो. मार्चमध्ये सोलापुरात पहाटेच्या सहेरीपासून संध्याकाळच्या इफ्तारपर्यंत सुमारे १३ तास होतात आणि त्यात पाण्याचा थेंबही नसतो. इथे खाण्याइतकाच औषधाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याची साखर उपाशीपोटी धोकादायकरीत्या उतरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांमुळे शरीरातले पाणी कमी होते. या गोळ्या कधी घ्यायच्या, किती घ्यायच्या, की काही दिवस थांबवायच्या, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. म्हणून त्यांची भेट रमजानच्या चार-सहा आठवडे आधी घ्यावी, पहिल्या रोजाच्या आदल्या रात्री नव्हे. उपवास करणाऱ्या प्रत्येकालाच हा नियम लागू आहे, मग तो सोमवारचा असो वा एकादशीचा.

दोन आकडे घरातल्या सगळ्यांना पाठ असावेत. उपवासात रक्तातली साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर उपवास त्याच क्षणी सोडायचा. दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, अचानक गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. हे आकडे रुग्णाच्या एकट्याच्या खिशात असून चालत नाही, कारण साखर उतरली की सर्वात आधी गोंधळते ते त्याचेच डोके.

धर्म इथे आड येत नाही. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजातून सवलत कुराणातच सांगितली आहे. हिंदू परंपरेतही आजारी, वृद्ध आणि लहान मुलांवर उपवासाची सक्ती नाही. तरीही सवलत घेणाऱ्याच्या मनाला टोचणी लागते, कारण ती घेताना तो एकटा पडतो. घरातल्या थोरल्याने किंवा एखाद्या मौलवींनी, गुरुजींनी मोकळेपणाने ‘यंदा तुम्ही नको, आमच्यात बसा, पुण्य तेवढंच आहे’ असे म्हटले, तर त्या वाक्याचा उपयोग कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीइतकाच होतो.

आता कुटुंब. जुळे सोलापुरातल्या अनेक बंगल्यांत आणि सदनिकांत आज दोनच माणसे राहतात, साठी ओलांडलेली. मुले पुण्याला, हैदराबादला नोकरीत. होळीला ती हुतात्मा एक्स्प्रेसने किंवा स्वतःच्या गाडीने येतात, आईच्या हातची पुरणपोळी खातात, वडिलांसाठी मिठाईचा डबा आणतात आणि रविवारी परततात. वडील कोणत्या गोळ्या घेतात, आईचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, हे त्यांना ठाऊक नसते आणि विचारायलाही सवड मिळत नाही. पुरणात हरभऱ्याची डाळ असते, ती चांगलीच. पण डाळीइतकाच गूळही असतो, आणि गूळ साखरेपेक्षा सोज्वळ असतो हा आपला गोड गैरसमज आहे. रक्तापर्यंत पोहोचल्यावर दोघांत फारसा फरक उरत नाही. तरीही होळीला पोळीच नको, असे कुणी म्हणू नये. आधी कोशिंबीर, भाजी आणि कटाच्या आमटीची वाटी, त्यानंतर अर्धी पोळी, आणि भात त्या दिवशी सोडून द्यावा. खाण्याचा हा क्रम पाळला तर साखर सावकाश चढते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालले तर ती आणखी आटोक्यात राहते. मुलांना आई-वडिलांसाठी काही करायचेच असेल तर त्यांनी मिठाईच्या डब्याऐवजी जेवणानंतर त्यांच्याबरोबर धर्मवीर संभाजी तलावाकडे एक फेरी मारावी. चालता चालता गोळ्यांचीही विचारपूस होते.

या सगळ्यावर उन्हाची छाया आहे. फेब्रुवारीअखेर सोलापुरात दुपारचा पारा ३५ अंशांच्या आसपास जातो, मार्च सरता सरता चाळिशीकडे झेपावतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम वाढतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. म्हणजे हंगामातले पहिले कडक ऊन मे महिन्यातल्या तेवढ्याच उन्हापेक्षा जड जाते, आणि नेमके तेव्हाच आपण निर्जळी उपवास, होळीची धग आणि रंगांची धावपळ करतो. इथली हवा कोरडी. घाम अंगावर दिसण्याआधीच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना चक्कर याच दिवसांत येते. लघवी गडद पिवळी होणे ही पाणी कमी पडल्याची सोपी खूण आहे. ताक आणि लिंबूपाणी यांना तोड नाही, मात्र मधुमेह्याने साखर आणि रक्तदाबवाल्याने मीठ बेताने घालावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळे आणि खजूर डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत, कारण दोन्हींत पोटॅशियम बरेच असते.

इतकी बंधने असतील तर आजारी माणसाने सणाला घरीच बसावे, असे कुणाला वाटेल. तसे केले तर उलट नुकसान होईल. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाने ग्रासल्याचे म्हटले आहे. एकटेपणाशी वर्षाला आठ लाखांहून अधिक मृत्यू निगडित असल्याचा अंदाजही त्यात आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि विस्मरण यांचा धोका एकटेपणाने वाढतो. म्हणजे पंगतीतून उठवलेल्या मधुमेह्याची साखर कदाचित आटोक्यात राहील, पण त्याचे आरोग्य राहीलच असे नाही. त्याला पंगतीत बसवायचे आणि पंगतच त्याला सोसेल अशी मांडायची, हाच खरा उपचार.

त्यासाठी फार काही लागत नाही. यजमानाने एकदाच विचारावे, दुसऱ्यांदा वाढू नये. प्रत्येक गोड पदार्थासोबत एक बिनगोड पदार्थ त्याच मानाने मांडावा. शिरखुर्म्याची वाटी लहान असावी. इफ्तारच्या ताटात भज्यांइतकीच फळेही दिसावीत. पाहुण्याने काय चालते आणि काय नाही हे आधीच फोनवर सांगावे, यजमानाने त्याचा राग मानू नये. आणि घरातल्या एकाचे पथ्य सुरू झाले की त्यातला थोडा भाग सगळ्यांनी उचलावा. भाकरी, पालेभाजी आणि ताक खाऊन कुणाचेच काही बिघडत नाही. ज्याला आज मधुमेह नाही, त्याचा तो लांबण्यास मदतच होते.

पाडव्याला आपण कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खातो. उगादीला तेलुगू आणि कानडी घरांत कडुनिंबाचा फुलोरा, गूळ, चिंच आणि कैरी एकत्र करतात. त्याने मधुमेह बरा होतो असे सांगणाऱ्यांवर विसंबून कुणीही गोळ्या बंद करू नयेत. पण या रीतीत एक शहाणपण आहे. त्या सकाळी कडू घास घरातल्या एकट्यादुकट्याला मिळत नाही, तो लहानथोर सगळेच तोंड वेंगाडत गिळतात. वर्षातून एकदा जे जमते, ते बाकीच्या दिवशीही जमायला हरकत नसावी.