घाव आणि धुमारा

बल्लारपूरहून कोठारीमार्गे आल्लापल्लीची वाट धरली, की वनखात्याच्या नकाशांत, कागदपत्रांत आणि मजुरांच्या तोंडी ‘कूप’ हा शब्द वारंवार भेटतो. कूपमंडूक म्हणजे विहिरीतला बेडूक, हे शाळेत शिकलेल्या नव्या पाहुण्याला वाटते, की जवळपास कोठे विहीर असावी. परंतु या कुपात पाणी नसते. जंगलाचा जो तुकडा एका वर्षी तोडीसाठी ठरविला जातो, त्याला येथे कूप म्हणतात. हा शब्द संस्कृतातून आलेला नाही. तो इंग्रजीतून आला, आणि इंग्रजीतही तो मूळचा परकाच आहे.

इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंच भाषेत ‘कूपे’ या क्रियापदाचा अर्थ कापणे, तोडणे. त्याच्या मुळाशी ‘कू’ म्हणजे तडाखा हा शब्द असून तो लॅटिनमार्गे ग्रीक ‘कोलाफोस’पर्यंत, म्हणजे ठोशापर्यंत, जाऊन पोचतो. या एका ठोशाची संतती मोठी आहे. रेल्वेच्या वरच्या वर्गातील दोघांपुरती खोली म्हणजे ‘कूपे’. मूळची त्या नावाची घोडागाडी दोनच आसने ठेवून आखूड केलेली होती, म्हणून ती ‘कापलेली’. तिचे नाव पुढे आटोपशीर मोटारीलाही मिळाले. कर्जरोख्याच्या कडेचा तुकडा कापून दिला की व्याज मिळे. तो तुकडा म्हणजे कुपन. लष्कराने एका रात्रीत सत्ता बळकावली, की इंग्रजी वृत्तपत्रे ज्याला ‘कू’ म्हणतात, तो राज्यसंस्थेवरील घावच होय. स्थानकावर कूपे, रेशनच्या रांगेत कुपन आणि रानात कूप, अशी ही भावंडे बल्लारपूरच्या परिसरात एकमेकांना न ओळखता नांदत आली.

फ्रेंचांचा शब्द चांद्याच्या रानात आला तरी कसा? १८६४ मध्ये सरकारने डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक नेमले. इंग्लंडात तेव्हा या विद्येची सोय नव्हती. त्यामुळे १८६७ पासून सुमारे दोन दशके येथे येणारे अनेक वनाधिकारी फ्रान्समधील नान्सीच्या वनविद्यालयात शिकून येत. तेथील परिभाषाही त्यांच्याबरोबर येथे उतरली.

त्या शिकवणीत कूप म्हणजे निव्वळ तोड नव्हती. रान पुन्हा उभे राहण्यास जितकी वर्षे लागतात, तितके त्याचे भाग पाडावयाचे. वर्षाला एकच भाग तोडावयाचा. आणि शेवटच्या भागाची पाळी येईपर्यंत पहिला भाग पुन्हा तयार झाला पाहिजे, असा तो हिशेब होता. विशेष असे, की तोडलेल्या खुंटाला धुमारे फुटून वाढणाऱ्या रानाला इंग्रजीत ‘कॉपिस’ म्हणतात, आणि हा शब्दही त्याच मुळातून निघालेला आहे. घाव आणि धुमारा ही एकाच धातूची दोन रूपे आहेत. सागाचा खुंट असा फुटतो, हे येथील कोणताही गुराखी सांगेल.

आमच्याकडे मात्र या शब्दाचा अर्धाच अर्थ मुरला. कुपाचा क्रमांक लक्षात राहिला, त्याची पाळी विसरली गेली. बल्लारपूरच्या कागदगिरणीने गावाला रोजगार दिला, हे कोणी नाकारणार नाही. पण तिला लागणारा बांबू ज्या गावांभोवती वाढला, त्या गावांना तोडीचा हिशेब कोणी समजावून सांगितला नाही. शब्दांचे हे दुखणे कायद्यातही होते. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र त्याला ‘वृक्ष’ या व्याख्येत बसविले. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू नेतानाही शेतकऱ्यापुढे परवान्याचा प्रश्न उभा राही. ती व्याख्या दुरुस्त होण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

आता परिस्थिती पालटली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर इतर गावेही त्या वाटेने निघाली. कुऱ्हाड कोठे चालवावी आणि कोठे थांबवावी, हे ज्यांनी ठरवावयाचे, त्यांना या शब्दाचा पुरता अर्थ ठाऊक नसून कसे चालेल?

कोणी म्हणेल, परका शब्द काढून टाका आणि ‘तोडक्षेत्र’ म्हणा. आम्हांस ते मान्य नाही. मजुरांच्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला शब्द मराठीच झाला आहे. शिवाय ‘तोडक्षेत्र’ म्हटल्याने उरलेला अर्धा अर्थही कायमचा जाईल. त्याऐवजी वनखात्याने आपल्या कार्य आयोजना सोप्या मराठीत, आणि जेथे गोंडी वा माडिया बोलली जाते तेथे त्या भाषेत, ग्रामसभेपुढे वाचून दाखवाव्यात. प्रत्येक कुपाच्या क्रमांकाशेजारी तो मागे केव्हा तुटला आणि पुढे केव्हा तुटणार, ही दोन वर्षे ठळक लिहावीत. त्यास फारसा खर्च नाही. तोडीचे वर्ष कंत्राटदाराला नेहमीच ठाऊक असते. परतीचे वर्ष गावाला ठाऊक असले, तरच खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्याची राखण होईल.