सलाईनचा हट्ट आणि थकलेले हृदय

आपल्या खेड्यांत माणूस आजारी पडला की नातलगांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो सलाईनचा. अंगात त्राण नाही, पाय सुजले, चार पावलांत दम लागतो. दुखणे कोणतेही असो, बाटली लावली की ताकद येते असा आपला समज. एका डॉक्टरांनी नकार दिला तर आपण दुसऱ्यांचे दार ठोठावतो. तेव्हा सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे मला पटत नाही.

त्या बाटलीत असते काय? पाणी आणि मीठ. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. हगवण-ओकारीने सुकून गेलेल्याला ही बाटली जीवदान देते, हे खरेच. पण ज्याचे हृदयच थकले आहे, त्याच्या शरीरात पाणी आधीच तुंबलेले असते. पायांवरची सूज, पोटाचा फुगवटा, रात्री उताणे निजवत नाही म्हणून उठून बसणे, ही सगळी त्या तुंबलेल्या पाण्याची लक्षणे. विहिरीवरची मोटर दमली तर आपण मोटर पाहतो, विहिरीत घागरीने पाणी ओतीत बसत नाही.

याहून भयंकर अवस्था म्हणजे हृदयाचा शॉक. मोठ्या झटक्यानंतर हृदयाचा बराच भाग निकामी होतो आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात, घाम सुटतो, लघवी होत नाही, माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटते, अशक्तपणा आला. बाटली संपेपर्यंत थांबू, असे ठरते आणि मोलाचा तास निघून जातो. कधी कधी, विशेषतः हृदयाच्या उजव्या बाजूचा झटका असेल तर, डॉक्टर थोडे सलाईन देतातही. पण ते कार्डिओग्राम काढून आणि छाती तपासून.

अशा रोग्यावर खरा उपाय म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी लवकर मोकळी करणे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जिथे वाहिनी तातडीने मोकळी केली तिथे सहा महिन्यांत शंभरातले सुमारे 50 रोगी दगावले, आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांपैकी 63. म्हणजे मोठ्या इस्पितळातही निम्मे जातात. पण शंभरात तेरा जीव वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. रक्ताभिसरणाला आधार देणारा फुगा मात्र 2012 सालच्या जर्मन अभ्यासात सरसकट बसवून जगण्यात फरक पडला नाही. म्हणून एखाद्या महाग यंत्रासाठी शेत गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, याने काय साधेल? आयुष्मान भारतचे कार्ड असेल तर तेही आठवणीने बरोबर न्यावे.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातून पावसाळ्याच्या रात्री बेळगाव गाठणे सोपे नाही, हे मी जाणतो. म्हणूनच आधी 108 ला फोन करावा आणि मग मला. आजाऱ्यांचे तैलाभ्यंग हे केवळ शेवटच्या घटकेचे तेल नव्हे. व्हॅटिकन महासभेने 1963 सालीच हे सांगितले. तरी अजून कित्येक घरांत धर्मगुरू येईपर्यंत गाडी थांबवून ठेवतात! मी इस्पितळात येईन. सिराखच्या 38 व्या अध्यायातही आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगून लगेच वैद्याला जागा द्यायला सांगितले आहे.

ज्यांचे हृदय कमजोर असल्याचे आधीच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडे अधिक. बाजाराला किंवा लग्नाला जायचे, बसमध्ये सोय नाही, म्हणून लघवीची गोळी चुकवू नये. विशेषतः आमच्या माताभगिनी असे करतात. परत आल्यावर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. पावसाळ्यातले सुके बांगडे, लोणचे, पापड यांतून मीठ किती जाते ते पाहावे. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगी लागलेले जेवण नसून साठलेले पाणी असते, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आपण काजूचे पोते दोनदा तोलतो, स्वतःला मात्र वर्षानुवर्षे तोलत नाही.

आपल्या वाड्यांतून मयतीसाठी वर्गणी जमते. त्यातला काही भाग रात्रीच्या गाडीभाड्यासाठी वेगळा ठेवावा, असे माझे मत आहे. धर्मग्राम समितीच्या येत्या बैठकीत मी तो विषय मांडणार आहे. ज्यांच्याकडे जीप आहे त्यांनी अवश्य यावे.