परदेशी मोहिमा : सुरक्षेचे कवच की नवे शत्रुत्व?

परदेशात सैन्य पाठविल्याने देश सुरक्षित होतो, या युक्तिवादाची किंमत भारताने एकदा मोजली आहे. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात कोलंबोत करार झाला आणि भारतीय शांतिसेना बेटावर उतरली. तमिळ बंडखोरांची शस्त्रे खाली ठेवून घेणे, हे तिचे काम होते. शेजारच्या आगीची झळ तमिळनाडूला लागू नये, हा हेतू होता.

मात्र लिट्टेने करारावर सहीच केली नव्हती. ऑक्टोबरमध्ये जाफन्यात लढाई पेटली आणि शांतिरक्षकच युद्धातील एक पक्ष बनले. १९८९ मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनीच सैन्यमाघारीची मागणी केली. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली, तोवर ११०० हून अधिक जवान कामी आले होते. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे लिट्टेच्या आत्मघाती हल्ल्यात राजीव गांधी यांची हत्या झाली. शांतिसेनेबद्दलचा राग त्यामागे होता. जी आग रोखायची, तीच घरात शिरली.

याउलट नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधील उठाव भारतीय छत्रीधारी सैनिकांनी काही तासांत मोडला. सरकारचे निमंत्रण दोन्हीकडे होते. पण मालदीवमध्ये उद्दिष्ट मर्यादित होते, श्रीलंकेत ते वाढत गेले. जुलै २००३ मध्ये अमेरिकेची विनंती असूनही वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठविण्यास नकार दिला. सैन्य कधी परतणार, याचे उत्तर नसेल तर ते पाठविणे म्हणजे सुरक्षा नव्हे, जुगार ठरतो.